दुनिया आणि सराग : आधी षड्ज लावणारा बार्सिलोनाचा प्रकल्प

तंबोरा नेमका काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावा, मोबाइलवरचा साधा ट्यूनर सुरू करा आणि यमनचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात मिसळेपर्यंत धरून ठेवा. ट्यूनर सांगेल, सूर १४ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) उतरलाय. कानाला विचारलं तर गंधार अगदी जागेवर असतो, खर्जाच्या तारेतून येणाऱ्या स्वयंभू गंधाराशी एकजीव झालेला. ट्यूनरची पट्टी सप्तकाचे १२ सारखे तुकडे करते आणि गंधाराला षड्जापासून ४०० सेंटवर बसवते. तंबोऱ्यातला गंधार ३८६ वर असतो. काळी एकचा षड्ज म्हणजे १३८.६ हर्ट्‌झ धरला, तर हा सगळा फरक जेमतेम १.४ हर्ट्‌झचा. पण रियाज करणाऱ्याला ‘तू बेसूर आहेस’ असं चुकीचं सांगायला एवढा फरक पुरतो.

‘दुनिया’ हे संकेतस्थळ आणि त्याच कामातून निघालेला ‘सराग’ हा ध्वनिसंग्रह आम्हांला मनापासून आवडतो, तो याच कारणासाठी. इथे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा षड्ज आधी शोधला जातो. मग सूर, राग, रागाची वाक्यं (ठरावीक सुरावटी), सगळं त्या षड्जापासून मोजलं जातं. गाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण संगणकावर संगीत मोजणाऱ्यांच्या जगात हा विचार रुजवायला माणसं लागली, आणि ही माणसं कोण होती हे कळल्याशिवाय त्यांच्या वस्तूचे गुणदोष नीट कळत नाहीत.

प्रकल्पाचं नाव कॉम्पम्युझिक. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या म्युझिक टेक्नॉलॉजी ग्रुपचे संस्थापक शावियेर सेरा यांनी तो उभा केला. पैसा युरोपियन रिसर्च काउन्सिलचा, मुदत जुलै २०११ ते जून २०१७. सेरा मूळचे ध्वनीच्या विश्लेषणातले. १९८९ साली स्टॅनफर्डमधून त्यांनी डॉक्टरेट केली ती आवाजाचे ‘स्थिर तरंग’ आणि ‘उरलेली खरखर’ असे दोन भाग वेगळे करण्याच्या पद्धतीवर. मोफत आवाजांचा प्रचंड साठा असलेलं फ्रीसाउंड हेही याच गटाचं, २००५ पासूनचं. कॉम्पम्युझिकमागचं त्यांचं म्हणणं सरळ होतं : संगीत समजून घेणारी सॉफ्टवेअरं पाश्चात्त्य संगीतावर घडली आहेत. स्वरलिपी, बारा सारखे स्वर, हार्मनी, चार-चारचे बार हे सगळं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. दुसरं संगीत त्यांत कोंबलं की ते मोडतं. म्हणून पाच परंपरा निवडल्या : हिंदुस्तानी, कर्नाटक, तुर्की मकाम (तिथली रागपद्धती), मोरोक्कोतलं अरब-अंदलुसी संगीत आणि पेकिंगचा ऑपेरा, म्हणजे जिंगजू. दुनिया हे नावही त्यातूनच आलं. हिंदीत, अरबीत, तुर्कीत जगाला हाच शब्द आहे, आणि मराठीला तर तो घरचाच.

या निवडीइतकीच मोलाची होती माणसांची जमवाजमव. प्रत्येक परंपरेचं काम ती परंपरा कानात मुरलेल्यांच्या हाती दिलं. कर्नाटक रागांतल्या स्वरांची नेमकी जागा गोपाल कृष्ण कोडुरी यांनी अभ्यासली, रागवाक्यं शोधण्याचं काम संकल्प गुलाटी यांनी केलं, ताल आणि लय अजय श्रीनिवासमूर्ती यांनी. तुर्की मकाम सेर्तान शेन्तुर्क यांच्याकडे होता, जिंगजू राफाएल कारो रेपेत्तो यांच्याकडे. मोरोक्कोतल्या तेतुआनचे संगीतज्ञ अमीन शाशू यांनी अंदलुसी संग्रहाला हातभार लावला. या सगळ्यांचं काम एका छताखाली दिसेल असं संकेतस्थळ बांधण्यात अलास्टेअर पोर्टर यांचा मोठा वाटा. भारतातली दोन ठाणी म्हणजे मद्रास आयआयटीतला हेमा मूर्ती यांचा गट आणि पवईच्या आयआयटीतल्या विद्युत अभियांत्रिकी विभागातल्या प्रीती राव यांचा गट. राव यांच्याकडे डॉक्टरेट केलेले कौस्तुभ कांती गांगुली स्वतः तालमीत तयार झालेले ख्यालगायक आहेत. एखाद्या जागेला ‘ही देशकाराची, ही भूपाची’ असं नाव देणारा माणूस स्वतः ती जागा घेऊ शकतो, याचा फायदा या संग्रहाच्या खुणांमध्ये स्पष्ट जाणवतो.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे. दुनियावर खातं उघडून हिंदुस्तानी विभागात शिरलं की गायक, वाद्य, राग, ताल असं कुठूनही आत जाता येतं. एखादं ध्वनिमुद्रण उघडा : खाली ध्वनी पुढे सरकतो, वर सुराची रेघ धावते, आणि कडेला एक उभा आलेख असतो. कुठला सूर किती वेळ लागला हे तो आलेख दाखवतो. सुरुवात या आलेखापासून करा. हार्मोनियमवर वाजलेला सूर त्यात सुईसारखा टोकदार दिसतो. गळ्यातला ठेहराव जरा रुंद, पण शिखर स्पष्ट. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार मात्र टोक न घेता पसरट उंचवटा होऊन बसतो, आणि तो ३०० सेंटच्या खाली कलंडलेला असतो. ‘दरबारीचा गंधार अतिकोमल आणि डोलता’ हे वाक्य विद्यार्थी वर्षानुवर्षं ऐकतात. इथे ते एका नजरेत दिसतं. संगीत शिकवणाऱ्यांनी केवळ यासाठी हे पान वर्गात उघडावं.

मात्र या सगळ्याचा पाया षड्ज, आणि तोच चुकला तर पुढचं सगळंच चुकतं. म्हणून इथे जरा थांबू. षड्ज शोधणारी पद्धत तंबोऱ्यावर चालते. गायकाचा सूर सतत हलता असतो, मागचा तंबोरा मात्र तेच तेच बोलत राहतो. त्या टिकून राहणाऱ्या सुरांतून यंत्र षड्ज निवडतं. पण तंबोऱ्यात पंचमही असतो, आणि घोटाळा तिथे होतो. गायकाचा षड्ज १३८.६ असेल तर त्या षड्जाच्या वर मध्य सप्तकातला पंचम २०७.९ वर येतो. आता काळी चार म्हणजे २०७.७. म्हणजे यंत्राने पंचमालाच षड्ज मानलं तरी येणारा आकडा एखाद्या गायिकेचा म्हणून सहज खपेल असा असतो. आकडा बघून चूक कळत नाही. मालकंसात पंचम वर्ज्य, तंबोरा मध्यमाला लावलेला; तिथे चुकीचा षड्ज १८४.८ येतो, म्हणजे काळी तीन. तोही तितकाच भोळा दिसतो.

यावर उपाय आहे आणि तो याच गटाने दिला आहे. त्यांच्या एसेन्शिया या मुक्त सॉफ्टवेअर संचात भारतीय संगीताचा षड्ज शोधणारं वेगळं साधन आहे. ते मुळात १०० ते ३७५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात शोधतं. पुरुषगायक आहे हे माहीत असेल तर वरची मर्यादा १८० च्या आसपास आणा. काळी एकचा पंचम आणि मध्यम दोन्ही आपोआप बाहेर पडतात. गायिका असेल तर खालची मर्यादा १५० च्या पुढे न्या. ध्वनिफीतही पूर्ण देऊ नका. सुरुवातीचा तीनेक मिनिटांचा आलाप कापून द्या, जिथे तबला नाही आणि तंबोरा मोकळा ऐकू येतो. द्रुत बंदिशीतला तुकडा दिला तर षड्जाला लावलेला दायाँ (तबल्याच्या जोडीतला उजवा) मदतीला येतो हे खरं, पण हार्मोनियमचा भराव इतका दाट असतो की त्या मदतीचा उपयोग राहत नाही. शेवटी आलेला आकडा एकदा पेटीवर वाजवून ध्वनिमुद्रणाबरोबर ऐका. दहा सेकंदांचं काम आहे आणि पुढचे तास वाचतात.

सुराच्या रेघेमागचे आकडेही मिळतात, आणि अभ्यासकाला खरी गोडी तिथे आहे. प्रत्येक ओळीत दोन रकाने : सेकंदांत वेळ आणि हर्ट्‌झमध्ये सूर. दोन ओळींमधलं अंतर ४.४४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २२५ ओळी. एक तासाच्या गाण्याच्या ८ लाख १० हजार ओळी होतात. एक्सेलमध्ये साधारण १० लाख ४८ हजार ओळी मावतात, त्यामुळे ७७ मिनिटांपेक्षा मोठं ध्वनिमुद्रण तिथे उघडू नका. शेपूट कापलं गेलेलं लक्षातही येत नाही. हर्ट्‌झचे सेंट करायचे तर सुराला षड्जाने भागा, आलेल्या भागाकाराचा २ पायाचा लॉगॅरिदम घ्या, १२०० ने गुणा. त्याआधी शून्याच्या ओळी काढून टाका. शून्य म्हणजे तिथे गाणं ऐकू आलं नाही, श्वास किंवा शांतता. त्या ओळी राहिल्या तर लॉगॅरिदम अडतो, आणि कुणी सरासरी काढली तर ती कुठल्या कुठे घसरते.

या रेघेवर डोळे झाकून विसंबू नये. ध्वनीतला सर्वांत ठळक सूर धरायचा, एवढंच ती पद्धत जाणते. गायक श्वासाला थांबला की ती हार्मोनियमला धरते, सारंगी असेल तर सारंगीला. सारंगी गळ्याच्या मागोमाग तीच जागा घेत असल्याने गायकाने एकच मींड दोनदा घेतली असा भास होतो. खर्जात आवाज हलका झाला की रेघ अचानक एक सप्तक वर उडी मारते. ही उडी ओळखणं सोपं आहे : एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, म्हणजे ४.४४ मिलिसेकंदांत, जवळजवळ नेमके १२०० सेंट. कुठलाही गळा एवढ्या वेळात तेवढं अंतर कापत नाही, तेव्हा अशा जागा खुशाल दुरुस्त करा. आणखी एक खड्डा : तीच पद्धत तुम्ही स्वतः एसेन्शियात चालवली आणि मूळ मांडणी तशीच ठेवली, तर ओळींमधलं अंतर २.९ मिलिसेकंद येतं. कारण तिथे पाऊल १२८ ध्वनिनमुन्यांचं (सेकंदाला ४४,१०० नमुने) असतं आणि दुनियाच्या आकड्यांत १९६ नमुन्यांचं. दोन फायली ओळीला ओळ लावून जुळणार नाहीत. वेळेच्या रकान्यावर जुळवा.

रागाच्या ओळखीचं काम हे या मंडळींचं सर्वांत देखणं काम. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, एवढेच स्वर. स्वरांच्या जागा मोजून हे राग वेगळे होत नाहीत. एकात गंधाराचं राज्य, दुसऱ्यात धैवताचं, आणि चलन निराळं. गुलाटी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेली युक्ती अशी : दर क्षणाचा सूर एका अक्षावर घ्या आणि सुमारे ०.३ सेकंदापूर्वीचा सूर दुसऱ्या अक्षावर. सप्तकाचे १०-१० सेंटचे १२० कप्पे, म्हणून १२० गुणिले १२० चौकटींचा नकाशा. सूर स्थिर लागला असेल तर आत्ताचा आणि मघाचा सारखाच, म्हणजे ठिपका कर्णरेषेवर पडतो. मींड असेल तर कर्णाच्या बाजूला वळणदार पट्टा उमटतो. कुठला स्वर, तो कुठून आला आणि कुठे गेला, हे सगळं एका चित्रात येतं. ३० रागांच्या, प्रत्येकी १० अशा ३०० हिंदुस्तानी ध्वनिमुद्रणांवर या पद्धतीने सुमारे ९८ टक्के राग बरोबर ओळखले. ४० रागांच्या ४८० कर्नाटक ध्वनिमुद्रणांवर ८७ टक्के.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, यंत्र दिलेलं गाणं संग्रहातल्या सगळ्यांत जवळच्या गाण्याशी जुळवतं. तीसांच्या बाहेरचा राग दिला तरी ते तीसांपैकीच एक नाव सांगणार. ‘हा राग माझ्या ओळखीचा नाही’ असं म्हणायची त्याला सोय नाही. दुसरी जास्त संगीतातली आहे. हा नकाशा करताना तिन्ही सप्तकांची घडी घालून एकच सप्तक केलेलं असतं. मंद्र धैवत आणि तार धैवत एकाच कप्प्यात पडतात. दरबारी आणि अडाणा या जोडीत नेमका सप्तकाचाच फरक मोठा : एक खर्जात रमणारा, दुसरा उत्तरांगात आणि तार षड्जावर चढलेला. ती खूण घडीत पुसली जाते आणि सगळी भिस्त आंदोलनावर आणि चालीवर राहते. रागांच्या जोड्यांवर काम करायचं असेल त्यांनी घडी न घालता, तीन सप्तकांचे ३६० कप्पे घेऊन पाहावं. हिशेब वाढतो, पण आजच्या लॅपटॉपला तो जड नाही. जोड-रागांच्या प्रश्नावर गांगुली आणि राव यांनी पुढे स्वतंत्र काम केलं, देशकार-भूप, मारवा-पूरिया आणि तोडी-मुलतानी या जोड्यांवर. ते जिज्ञासूंनी शोधून वाचावंच.

तालाकडे वळलं की अडचणीचं स्वरूप बदलतं. त्रिताल, एकताल, झपताल आणि रूपक या चार तालांतले १५१ तुकडे, प्रत्येकी २ मिनिटांचे, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि मात्रा हाताने खुणावून ठेवले आहेत. द्रुत त्रितालात मिनिटाला १६० मात्रा असतील तर एक आवर्तन ६ सेकंदांचं, दोन मिनिटांत २० समा. अभ्यासाला मुबलक. विलंबित एकतालात मिनिटाला १२ मात्रा असतील तर मात्रा ५ सेकंदांची आणि आवर्तन पूर्ण मिनिटाचं. त्या दोन मिनिटांच्या तुकड्यात समा दोन, नशीब असेल तर तीन. त्यामुळे विलंबिताविषयी या संग्रहावरून ठाम विधान करणं धाडसाचं आहे, आणि वापरणाऱ्याने विलंबिताचे निकाल नेहमी वेगळे मांडावेत.

विलंबितात यंत्र कशाने फसतं? पॉप गाण्यांवर शिकलेली ठोकेशोधक सॉफ्टवेअरं मिनिटाला साठ-सत्तरच्या वरचाच ठोका शोधतात. दोन मात्रांमधल्या पाच सेकंदांत तबलजी तिरकिट, धागे भरत असतो. सॉफ्टवेअर त्या भरावालाच मात्रा समजतं आणि लय चौपट-आठपट सांगतं. श्रीनिवासमूर्तींनी याला दिलेलं उत्तर आम्हांला फार शहाणपणाचं वाटतं : ताल कोणता ते यंत्राला आधी सांगून टाका, आणि मग फक्त सम कुठे आहे ते विचारा. श्रोताही हेच करतो. ठेका ओळखल्यावर तो प्रत्येक मात्रा शून्यापासून शोधत बसत नाही, समेची वाट बघतो.

तबल्याच्या बोलांचा छोटा संग्रहही आहे आणि त्याचा धागा थेट मुंबईशी जोडलेला. पं. अरविंद मुळगावकरांनी शिकवण्यासाठी वाजवून ठेवलेल्या ३८ रचना, सहा घराण्यांच्या, त्यात बोलांसह उतरवल्या आहेत. मिळून जेमतेम १७ मिनिटं. लांबीने लहान, पण निवड अव्वल. वापरताना एक पथ्य पाळा : बोलाचं नाव आणि हाताचा आघात एकास एक जुळत नाहीत. एकच आघात रचनेनुसार कधी ‘ता’ म्हणून वाचला जातो, कधी ‘ना’ म्हणून. आवाजावरून बोल ओळखायचे असतील तर सारख्या आवाजाचे बोल आधी एका गटात घाला. पढंतीसाठी (बोल तोंडाने म्हणण्यासाठी) त्यांना पुन्हा वेगळं करणं हे रचनेच्या ओघावरूनच जमतं.

नावांचा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटेल, पण संग्रह चालतो तो नावांवर. ध्वनिमुद्रणांची माहिती या मंडळींनी म्युझिकब्रेन्झ या खुल्या कोशात भरली. तो कोश अल्बम, गाणं, संगीतकार अशा चौकटीचा. आपल्या सीडीवर ‘यमन’ एवढंच लिहिलेलं, आत विलंबित एकतालातला बडा ख्याल, त्याला जोडून द्रुत त्रितालातली बंदिश, शेवटी तराणा. तबलजीचं नाव आहे, पण पेटीवाल्याचं बारीक अक्षरात किंवा नाहीच. म्हणून त्यांनी राग, ताल, लय, गायनप्रकार यांना क्रमांक लावून खुणा केल्या : पहिला ताल, दुसरा ताल, पहिली लय, दुसरी लय. शोधताना हे लक्षात ठेवलं नाही तर द्रुत त्रिताल मागितल्यावर पहिली वीस मिनिटं विलंबित एकताल ऐकावा लागतो. नावांच्या वर्तनीचंही तसंच. आपण भूप, मालकंस, भीमपलास म्हणतो. तिथे भूपाली, मालकौंस, भीमपलासी या नावांनीही शोधून पाहा, आणि ललत मिळाला नाही तर ललित.

दुनियावरची बरीच हिंदुस्तानी ध्वनिमुद्रणं बाजारातल्या सीडींची आहेत. ती उतरवून घेता येत नाहीत, आणि ते रास्तच आहे. ज्यांना ध्वनी हातात हवा त्यांच्यासाठी सराग आहे. यात हिंदुस्तानीची १०८ ध्वनिमुद्रणं, ४३.६ तास, कर्नाटकची २४९, ५२.६ तास. अव्यावसायिक कामासाठी मोकळी. झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवणाऱ्या खुल्या संकेतस्थळावरून झिप उतरवता येते, पण सोपा रस्ता पायथॉनमधल्या मिरडेटा या लायब्ररीचा. ती बसवा, सरागचा हिंदुस्तानी संच निवडा, उतरवण्याची आज्ञा द्या, आणि उतरल्यावर पडताळणीची आज्ञा चुकवू नका. अर्धवट उतरलेली फाइल उघडते, वाजतेही, फक्त शेवटच्या समा हरवलेल्या असतात; पडताळणीत ती लगेच पकडली जाते. डिस्कवर जागा झिपच्या दुपटीहून जास्त ठेवा, कारण उलगडताना दोन्ही एकदम असतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत षड्ज, सुराची रेघ, समांच्या वेळा, विभाग, रागवाचक वाक्यं आणि लय अशा फायली येतात. लयीच्या फाइलीत मात्रेचा कालावधी, आवर्तनाचा कालावधी आणि आवर्तनातल्या मात्रा वेगळ्या दिलेल्या असतात. सगळ्या ध्वनिमुद्रणांना सगळ्या खुणा मात्र नाहीत. काम सुरू करण्याआधी आपल्याला लागणारी फाइल किती ठिकाणी आहे ते मोजून घ्या, नाहीतर प्रयोगाचा आराखडा निम्म्यावर बदलावा लागतो.

कर्नाटकच्या १६८ ध्वनिमुद्रणांत गळा, व्हायोलिन, मृदंगम् असे वेगवेगळे ट्रॅक आहेत. ही फार मोठी देणगी. पण ही मैफलीतली मुद्रणं आहेत, सगळे कलाकार एकाच मंचावर शेजारी बसलेले. गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये व्हायोलिन झिरपतं, मृदंगम् तर हमखास. ‘स्वच्छ गळा’ समजून यावर यंत्र शिकवलं तर ते व्हायोलिनलाही गळाच मानायला शिकतं. हिंदुस्तानी भागात असे वेगळे ट्रॅक नाहीत, ही उणीव आम्हांला सर्वांत जास्त खुपते. पेटी आणि गळा वेगळे करता आले असते तर वर सांगितलेल्या निम्म्या अडचणी मिटल्या असत्या.

बाकी तीन परंपरांवर धावती नजर. तुर्की विभागात सप्तकाचे ५३ कोमा मानतात, पूर्ण स्वराला ९. एक कोमा सुमारे २२.६ सेंटचा. २२ श्रुतींच्या चर्चेत रस असणाऱ्यांनी हा भाग जरूर पाहावा, कारण तिथे स्वरलिपी आणि प्रत्यक्ष गायन-वादन यांतली तफावत मोजून दाखवता येते. सुमारे २,२०० रचनांची यंत्राला वाचता येणारी स्वरलिपी त्यांच्याकडे आहे. मोरोक्कोच्या भागात १६४ ध्वनिमुद्रणं आणि सव्वाशे तासांच्या वर संगीत, ११ नूबांचं (नूबा म्हणजे गाण्या-वाजवण्याच्या रचनांची मोठी मालिका). जिंगजूचा भाग चिनी येत नसेल तर अवघड जातो.

उणिवांचं बोलायचं तर पहिली, मुदत. अनुदान २०१७ मध्ये संपलं. अशा प्रकल्पांत त्यानंतर नवं ध्वनिमुद्रण भरणं आणि चुका दुरुस्त करणं थंडावतं. माणसं पांगतात. कोडुरी आणि गुलाटी यांच्यासारख्यांनी त्याच संशोधनातून म्युझिकमुनी ही कंपनी आणि रियाज हे ॲप उभं केलं. तिथे तुमच्या गळ्याचा सूर तुमच्याच षड्जापासून मोजला जातो, म्हणजे मूळ विचार विद्यार्थ्याच्या हातात पोचला. संशोधनाचा धागा भारतात टिकला हेही दिसतं : याच क्षेत्राची इस्मीर ही आंतरराष्ट्रीय परिषद २०२२ साली बेंगळुरूला भरली तेव्हा प्रीती राव, हेमा मूर्ती आणि अजय श्रीनिवासमूर्ती तिचे अध्यक्ष होते. दुसरी उणीव, भर सगळा ख्यालावर. नाट्यसंगीत, ठुमरी, अभंग यांना मोजण्याची साधनं तीच चालतील, पण खुणा केलेला साठा इथे शोधू नका. तिसरी, बंदिशींचे शब्द. सूर इतक्या बारकाईने उतरवले, पण मुखडा कुठल्या शब्दावर समेला येतो हे या फायलींतून कळत नाही. ख्यालात तर सगळी गंमत त्या शब्दाच्या येण्यात असते. मुखड्याचा शब्द आणि समेची वेळ एवढी दोनच रकान्यांची फाइल कुणी १०८ ध्वनिमुद्रणांना जोडली तर सरागची किंमत दुप्पट होईल, आणि हे काम तालीम घेतलेला मराठी विद्यार्थी हेडफोन लावून करू शकतो.

नव्याने सुरू करणाऱ्याने सरागमधलं एकच विलंबित ध्वनिमुद्रण घ्यावं. सोनिक व्हिज्युअलायझर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते उघडावं, समेची फाइल आधी न उघडता ऐकत ऐकत प्रत्येक समेवर खूण करावी आणि मग दिलेल्या खुणांशी ताडून पाहावं. दायाँचा ‘धिं’ आणि गायकाचा शब्द यांत कधी कधी पाव सेकंदाचं अंतर दिसेल, कारण गायक सम किंचित मागे ठेवतो. फाइलीतली खूण तबल्यावर आहे की गळ्यावर, हे त्या ध्वनिमुद्रणापुरतं वहीत टिपून ठेवा. पुढचं प्रत्येक मोजमाप त्यावर अवलंबून असतं.